ईयोबाच्या मित्रांनी गप्प बसावं

माझ्या ख्रिस्ती श्रद्धेला आजवर जे तडे गेले, त्यांतला एकही विज्ञानाच्या पुस्तकामुळे गेलेला नाही. ते गेले मयतीच्या घरी, ओसरीतल्या सतरंजीवर बसून ऐकलेल्या सांत्वनामुळे. ‘देवाची मर्जी.’ ‘देवाला फूल आवडलं, त्यानं खुडून नेलं.’ ‘यातही त्याची काही योजना असेल.’ बोलणारी माणसं वाईट नसतात. गप्प बसणं त्यांना जड जातं, म्हणून ती काहीतरी बोलतात. पण तापानं फणफणून लेकरू गेलेल्या आईला ‘देवाला फूल आवडलं’ असं सांगणं म्हणजे देवावर चोरीचा आळ घेणं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे नावाप्रमाणेच देवीचं गाव, आणि मिरचीचं. पावसाळ्याच्या तोंडावर मिरचीचे तोडे सुरू झाले की आसपासच्या खेड्यांतून पिकअप, टेम्पो, मोटारसायकलला आवळलेली पोती इथल्या बाजारात येतात. ढीग पडतात. व्यापारी उकिडवा बसून मूठभर मिरची उचलतो, एक मोडून बघतो, देठ हिरवा आहे का ते पाहतो आणि भाव बोलतो. सगळ्यांना ठसका लागलेला असतो. अशाच एका ढिगाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, “सर, तुम्ही इतवारी चर्चात जाता अन् सोमवारी पोरायला शिकवता का मानूस जनावरापासून झाला. मंग यातलं खरं कोन्तं धरावं?” मी तोंड उघडायच्या आत त्यानं दुसरा प्रश्न जोडला, “अन् देव हाये तर मंग गारपीट काहून करतो?”

मला वाटतं, सुशिक्षित ख्रिस्ती माणूस आयुष्यभर पहिल्या प्रश्नाशी झटत बसतो आणि दुसऱ्याला बगल देतो. पहिला प्रश्न त्या मानानं सोपा आहे. त्याचं उत्तर त्या शेतकऱ्याच्या पायाशीच पडलं होतं. त्याची मिरची संकरित बियाण्याची होती. संकराचे नियम ज्या माणसानं शोधले, तो ग्रेगर मेंडेल हा ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठातला ख्रिस्ती संन्यासी. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावायची, एका फुलातले परागकण हातानं दुसऱ्यावर न्यायचे, पुढच्या पिढीत कोणता गुण किती रोपांत उतरला ते मोजायचं, असा उद्योग त्यानं वर्षानुवर्षं केला आणि १८६५ मध्ये निष्कर्ष वाचून दाखवले. पुढे तो त्याच मठाचा प्रमुख झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, जालना बियाण्यांचं शहर झालं, बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या सगळ्या धंद्याच्या बुडाशी मेंडेलची मोजणी आहे. घरचं बी धरून संकरित मिरची पुन्हा लावली तर पीक एकसारखं येत नाही, हे पिंपळगावच्या बाजारातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. (मिरची तरी मूळची इथली कुठं? अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आली. त्याच जहाजांतून पाद्रीही आले. मिरची जास्त रुजली.)

तेव्हा श्रद्धा आणि विज्ञान यांचं हाडवैर आहे, ही गोष्ट इतिहासात नीट बसत नाही. गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालवला गेला हे खरं आहे, आणि ती चूक होती हे रोमनं जाहीरपणे मान्य करायला १९९२ उजाडलं, हेही खरं आहे. त्याची लाज आम्हाला वाटलीच पाहिजे. पण विश्व प्रसरण पावत आहे असं १९२७ मध्ये गणितानं मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. त्याच्याबद्दलची मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटाच्या सिद्धान्तात बायबलमधल्या निर्मितीची साक्ष दिसते, अशा आशयाचं भाषण केलं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धान्त उद्या खोटा ठरू शकतो. देवाला त्याच्या खुंटीवर टांगू नका, असं त्याचं म्हणणं होतं. पोपनी पुढे तो सूर लावला नाही. आपल्याकडे कुराण, वेद, बायबल अशा सगळ्यांत विमान आणि अणू शोधणाऱ्या मंडळींनी या धर्मगुरूचा हा संकोच जरा उसना घ्यावा.

उत्क्रांतीचा मात्र एक काटा खरा आहे आणि तो आमचे उपदेशक झाकून ठेवतात. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. तो शिकून पोरगं रविवारी उपासनेला येतं आणि ऐकतं की जगात मरण आलं ते आदामाच्या पापामुळे. आता, ज्या काळ्या दगडावर अख्खा जालना जिल्हा उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसोरांची हाडं सापडली आहेत. माणूस जन्माला यायच्या कोट्यवधी वर्षं आधी प्राणी एकमेकांना खात होते, आजारी पडत होते, जातच्या जात नाहीशी होत होती. विंचवाची नांगी आदामाची वाट पाहत थांबलेली नव्हती. म्हणजे ‘दुःख कुठून आलं? पापातून’ हे सरळ उत्तर निसर्गातल्या दुःखापुरतं तरी मोडीत निघालं. ते मोडीत निघालं हे कबूल केल्यानं श्रद्धा बुडत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीननं उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना बजावून ठेवलं होतं की आकाश, तारे, प्राणी यांविषयी ख्रिस्ती माणसानं पवित्र शास्त्राच्या नावानं अडाणीपणा केला, तर ऐकणारा शास्त्रालाच हसेल. सोळाशे वर्षं झाली. आम्ही अजून ऐकणाऱ्याला हसायची संधी देतो आहोत.

पण हे सगळं मान्य केलं की गारपिटीचा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादकडची गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला ती सकाळ आठवते. कोणाच्या पापानं झालं, याची चर्चा तेव्हाही झाली. ती सगळ्या धर्मांत झाली. विज्ञानाचं उत्तर रुक्ष होतं. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. तो ताण हिमालयापुरता राहत नाही, दख्खनच्या पोटातल्या जुन्या भेगांतही साठतो. त्या भेगांपैकी एक हलली. बाकीचं काम घरांनी केलं. चिखलात रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. हीच घरं उन्हाळ्यात गार राहतात म्हणून बांधलेली. भिंती फुटून बाहेर पडल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. गवताच्या, कुडाच्या हलक्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी तगल्या. देव शिक्षा करत होता असं धरलं, तर तो पाप बघून नव्हे, भिंतीची जाडी बघून शिक्षा करत होता, असं म्हणावं लागेल.

सणाच्या दिवशी जमीन हलण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लिस्बनमधली चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. छतं भाविकांवर कोसळली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मागून समुद्र आत आला. व्हॉल्टेअर ईश्वराच्या चांगुलपणावर तुटून पडला. रुसोनं त्याला पत्रातून कळवलं की तिथं हजारोंनी सहा-सात मजली घरं दाटीवाटीनं निसर्गानं बांधलेली नव्हती. किल्लारीच्या माळवदांना हे उत्तर जसंच्या तसं लागू पडतं. मला मात्र त्या शहरातल्या दोन प्रकारच्या धर्मगुरूंमध्ये जास्त रस आहे. मालाग्रिदा नावाचा जेझुइट सांगत फिरला की हा पापाचा दंड आहे, घरं बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त करा. दुसरीकडे पोंबाल या मंत्र्यानं देशभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, विहिरींचं पाणी वर आलं की खाली गेलं, किती मेले. गावोगावच्या पाद्र्यांनी बसून ती भरून पाठवली. आधुनिक भूकंपशास्त्राचा पाया म्हणून आज ते कागद सांगितले जातात. या दोघांत ख्रिस्ती कोण, असं मला विचाराल तर कारकुनी करणारे ते पाद्री. त्यांनी मेलेल्यांची मोजणी खरी केली. त्यांच्या माथी पाप मारलं नाही.

थोर माणूसही इथं घसरतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड असल्याचं म्हटलं. हेतू किती शुद्ध होता! अस्पृश्यता जावी यासाठी तो माणूस जीव टाकत होता. तरी रवींद्रनाथांनी त्यांना जाहीरपणे खोडून काढलं, आणि रवींद्रनाथांचं बरोबर होतं. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत ज्यांना शिवत नव्हते तेही होतेच की. चांगल्या कामासाठीसुद्धा प्रेताचा दाखला म्हणून वापर करू नये.

आता बायबलकडे येतो. कारण ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्यांचा समज असतो की आपण बायबलच बोलतो आहोत. ईयोबाचं पुस्तक उघडून पाहावं. नीतिमान माणूस, गुरंढोरं गेली, वाऱ्यानं घर कोसळून सगळी मुलं दगावली, अंगभर फोड उठले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ भुईवर नुसते बसले, कुणी शब्द काढला नाही. तिथपर्यंत त्यांचं सगळं योग्य होतं. मग ते बोलायला लागले. तुझं काही चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, तो शिस्त लावतो, मुलांनीच पाप केलं असेल. एकापेक्षा एक घोटीव भाषणं. ईयोब भडकतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो, जन्मल्या दिवसाला शाप देतो. शेवटी देव निकाल देतो तो कुणाच्या बाजूनं? त्याची वकिली करणारे मित्र माझ्याविषयी नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला, असं तो सांगतो. धर्मग्रंथात हे पान राहू दिलं, याबद्दल ते शास्त्र जपणाऱ्या यहुदी पंडितांचे उपकार मानले पाहिजेत. इतकं सोयीस्करपणे गाळता आलं असतं.

येशूची गोष्टही तीच. शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांहून जास्त पापी होती, असा प्रश्न त्यानं स्वतःच काढला आणि नाही म्हणून सांगितलं. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापाचं. त्यानं दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. लाजराच्या कबरीपाशी त्याला काही मिनिटांतच काय करायचं आहे ते ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. ‘योजना आहे, रडू नका’ असं तो लाजराच्या बहिणींना, मरियेला किंवा मार्थेला, म्हणाला नाही. आमच्या अंत्यविधीच्या उपदेशांत मात्र पहिल्या पाच मिनिटांत रडण्यावर बंदी येते.

हा वाद पुस्तकी वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य समोर ठेवतो. महाराष्ट्रात श्रद्धा, बुद्धी आणि आपत्ती या तिघांची इतकी थेट गाठ दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात पडलेली मला माहीत नाही. १८५८ चा जन्म. बाप अनंतशास्त्री डोंगरे, पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरणारा विद्वान. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबानं उपास, दानधर्म, देवदर्शन यांत उरलंसुरलं घातलं आणि १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतरानं बाप, आई आणि थोरली बहीण भुकेनं, आजारानं गेली. सोबत उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. १८८२ मध्ये पटकीनं ते गेले. मागे रमाबाई आणि तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला आणि वैद्यकीचं स्वप्न तिथंच संपलं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला असताना आत्महत्या केली. त्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाई दुःखातून आधार शोधत ख्रिस्ती झाल्या, असं वरवर म्हणता येईल. पण मग वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि इंग्लंडमधल्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. आधार शोधणारी बाई इतकी भांडत नाही. त्रैक्य असो, कुमारीच्या पोटी जन्म असो, चर्चची सत्ता असो, जे बुद्धीला पटलं नाही ते मान्य करायला त्यांनी नकार दिला. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटले ती दुसरं जोखड घ्यायला नव्हे, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याच तोंडावर त्या हे सांगत होत्या.

मग १८९७ चा प्लेग. विज्ञानाच्या बाजूनं तो काळ विलक्षण होता. येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ओळखला होता. हाफकिननं मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पिसवांतून रोग पसरतो हे सिमोननं १८९८ मध्ये दाखवलं. पण पुण्यातल्या रस्त्यावर हे ज्ञान पोचलं ते घरात घुसणाऱ्या शिपायांच्या रूपानं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. रमाबाईंनी काय केलं? प्लेग म्हणजे दंड, असं प्रवचन त्यांना देता आलं असतं; मिशनरी वर्तमानपत्रांत तसं लिहिणारे होतेच. त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला जाहीर पत्र लिहिलं. सरकारी प्लेग इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायकांची काय अवस्था होते, तिथं तरुण मुली किती असुरक्षित आहेत, ते नेमकं लिहिलं. प्रश्न लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबई सरकारनं आरोप फेटाळले. ख्रिस्ती बाई, ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध, रोगाचं खापर देवावर न फोडता व्यवस्थेवर फोडते आहे. मला श्रद्धेचं हेच रूप पटतं. जंतू कुठून आला हे प्रयोगशाळेला विचारायचं आणि इस्पितळाच्या दारावर पहारा कसला आहे हे सरकारला.

याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ होता. पोरकी, भुकेली मुलं आणि विधवा आणायला त्या स्वतः गेल्या. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, छापखाना घातला. प्रार्थनाही रोज चालायच्या. लहानपणी त्यांनी प्रार्थना करून माणसं मरताना पाहिली होती, म्हणून असेल, त्यांच्या प्रार्थनेला नेहमी कुदळीची जोड होती. उत्तरायुष्यात त्यांची श्रद्धा फार अक्षरनिष्ठ झाली. उत्क्रांतीविषयी वर जे लिहिलं ते त्यांना रुचलं नसतं, हे मला कळतं. पण २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, शेवटचं माणूस गेलं, तेव्हाही त्यांनी काम सोडलं नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चाललं होतं, त्याची मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आता माझा एक बुद्धिप्रामाण्यवादी मित्र विचारतो, आणि रास्त विचारतो: भूकंप भूपट्टानं होतो, प्लेग जंतूनं होतो, मिरचीवर कोकडा विषाणूनं येतो; देवाकडे कुठलंच खातं उरलं नाही, तर तो ठेवता कशाला? डॉ. नरेंद्र दाभोलकर देव न मानता माणसांसाठी झिजले आणि २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या खाऊन पडले. त्यांना काय कमी होतं?

काही कमी नव्हतं. करुणेचा मक्ता श्रद्धेकडे नाही, हे आम्ही मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. पण देव म्हणजे कारणांच्या यादीतलं एक कारण, हे गृहीतकच मला मान्य नाही. आईनं भाकरी का केली, याचं उत्तर तवा आणि जाळ यांच्या वर्णनानं पुरं होतं आणि होतही नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी स्पष्टीकरण नाही, एक माणूस आहे. रोमन सत्तेनं हालहाल करून मारलेला, आणि मरताना ‘का’ म्हणून विचारणारा. त्याला उत्तर मिळाल्याची नोंद नाही. देव दुःखाचं कारण सांगतो, हा आमचा दावाच नव्हता. तो दुःखाच्या आत सापडतो, हा दावा आहे. तो प्रयोगानं सिद्ध होणार नाही. तो सिद्ध आहे असं मी म्हणतही नाही. एवढंच म्हणतो की त्यामुळे मला रडायला आणि भांडायला कुणीतरी समोर आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं चक्क गाऱ्हाणी आहेत. मित्र म्हणतो, समोर कुणी नसेल तर? तर माझं गाऱ्हाणं वाया गेलं. पण गाऱ्हाणं करता करता मी ज्या माणसाच्या उशाशी बसलो, ते बसणं वाया गेलं नाही.

जॉन पोल्किंगहॉर्न हा केंब्रिजचा पदार्थवैज्ञानिक प्राध्यापकी सोडून १९८२ मध्ये धर्मगुरू झाला. तो म्हणत असे की देवानं सृष्टीला स्वतः घडायची मोकळीक दिली. पेशींच्या बदलण्याच्या ज्या गुणामुळे नवे जीव घडतात, त्याच गुणामुळे कर्करोगही होतो. हे मला बरंचसं पटतं. ज्या लाव्हानं कोट्यवधी जीव होरपळवले, त्याच्याच चुऱ्याची काळी माती पिंपळगावची मिरची पोसते. जो रेटा किल्लारी पाडतो, त्यानंच हिमालय उभा केला. तरीही हे वर्गात सांगण्याचं उत्तर आहे. मयतीच्या घरी हे सांगणारा चौथा मित्र ठरेल. आणि वर्गातसुद्धा मी एवढं म्हणेन की हिशेब पुरा जुळत नाही. इतकी वर्षं, इतकी मोकळीक, इतकं मरण: याहून कमी किंमतीत जग घडवता आलं नसतं का? मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

शिवाय आपण ‘देवाची करणी’ म्हणून जे खपवतो, त्यातलं निम्मं माणसाची करणी असते. गार पडणं निसर्गाचं. पण तोडणीची मजुरीही निघू नये इतका भाव पडणं, सावकाराचं व्याज, विम्याचे पैसे वेळेवर न येणं, हे ढगातून पडत नाही. मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतो तेव्हा काही ख्रिस्ती मंडळ्यांत अजून कुजबुज होते की आत्महत्या पाप, मग विधी कसा करायचा. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानं स्पष्ट म्हटलं आहे की तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालतो. मानसशास्त्र, कायदा आणि चर्च एका ओळीत उभे असताना गावातल्या पाळकानं उलटं बोलू नये.

शेवटी चंगाईविषयी, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करण्याच्या सभांविषयी, कारण खेड्यांत श्रद्धा आणि विज्ञान यांची खरी टक्कर तिथंच होते. तंबूत लाऊडस्पीकर लागतो, साखरेच्या रोग्याला गोळ्या फेकायला सांगतात, आणि तो मेला की ‘विश्वास कमी पडला’ म्हणतात. म्हणजे मेलेल्यालाच आरोपी करतात. अलीफजचं हेच तर होतं. सगळे पाळक असं करत नाहीत, पण जे करत नाहीत ते बोलतही नाहीत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे. तो सगळ्या धर्मांना लागू आहे, आम्हालाही.

याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसांत पाणी भरून मरत. ते रात्र रात्र खाटेशी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत राहिले, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीनं ही माणसं वाचतात हे त्यांनी दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, दगावणाऱ्यांचं प्रमाण शेकडा तीस-चाळीसवरून एकाच्या आसपास आलं. त्यांची श्रद्धा काय, हे मी विचारत नाही. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस जे केलं, तेच त्यांनी केलं, आणि भाषण न करता औषध शोधलं.

माझ्या पाळकबंधूंना एवढीच विनंती. पुढच्या मयतीला जाल तेव्हा योजना सांगू नका. बसा, भाकरी घेऊन जा, कागदपत्रं करायला तलाठ्याकडे सोबत जा. चंगाईच्या सभेत उभं राहून सांगा की गोळ्या चालू ठेवा. आणि विंचू-साप चावलेल्यावर प्रार्थना करायचीच असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून करा.